किनाऱ्यावर सापडलेला

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे. निदान त्यातला समुद्र तरी खरा आहे, नवगावचा. जाऊन बघा.

“पण ती आपल्यातली कशावरून?” हन्नोकने विचारलं.

शिमशोनकाका वाळूत बसले होते. गावातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, प्रार्थना तेच चालवायचे. हन्नोकलाही त्यांनीच शिकवली होती. आता तो शहरात आणखी शिकून आला होता, म्हणून प्रश्न जरा मोठ्याने विचारायचा.

उद्या त्याच्या आणि रेऊमाच्या लग्नाची मेंदी. आणि आजच कुणीतरी कानात सांगितलं, रेऊमाच्या आईची आई म्हणे वादळानंतर किनाऱ्यावर सापडलेली पोर. कुणाची, देव जाणे. आपल्यात तर आई आपली, तरच मूल आपलं. आणि रेऊमा त्याला फार आवडायची, तीच अडचण.

“आपले पूर्वज कसे आले?” काकांनी विचारलं.

“गलबत फुटलं. सात बाया, सात पुरुष वाचले. पोथ्या बुडाल्या. शमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली.”

“मग जा. बुडी मार.”

“मी?”

काकांनी पाण्याकडे बोट केलं.

हन्नोक कपड्यांसकट शिरला. कमरेएवढ्या पाण्यात त्याला वाटलं, यात काहीतरी गूढ असणार. तेवढ्यात लाटेने उचलून आपटला. टोपी गेली, चष्मा गेला.

रांगत काठाला लागला, तर काका त्याला नवीन माणसासारखे न्याहाळत होते.

“कोण रे बाबा तू?”

“काका, मी हन्नोक.”

“आई कोण तुझी?”

“तिच्या लग्नात तुम्हीच होतात की...”

“पुरावा?”

हन्नोकने खिसे चाचपले. एक शिंपला निघाला.

मग त्याने कुडकुडत शमा म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही.

“रेऊमाची आजीपण म्हणायची,” काका म्हणाले.

“सापडली तेव्हाच येत होती, की नंतर शिकली?”

“तू कधी शिकलास?”

भरती वर सरकत होती. हन्नोकला आता खरंच काही कळेना.

“काका, मग मी... आपल्यातला आहे ना?”

काका उठले. खांद्यावरचा पंचा त्याच्या अंगावर टाकला.

“रेऊमाकडे जाऊन विचार. किनाऱ्यावरची माणसं घरात घ्यायची सवय आहे त्या घराला. आणि पंचा वाळवून आण. उद्याच्या मलिद्याच्या गोड पोह्यांचे नारळ तुझ्याकडे लागले.”