निरंब्याची दुपारची झोप

निरंब्याच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, लोक दर्शनाला जातात आणि झोपून येतात. पंचक्रोशीत नाव गाजलेले वैद्य, बीनकार, देसायांच्या चार पिढ्या, अशी मोठमोठी माणसे तिथल्या मातीत बसलेली आहेत. लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. पण पाहुण्यांची गर्दी असते ती करंजाखाली. वीरभद्र देसायांच्या समाधीला टेकून भर दुपारी कोणी ना कोणी डुलकी काढत असतेच. नवख्याला हसू येते. मग म्हातारे सातलिंग जंगम त्याला जवळ बसवून घेतात आणि सांगू लागतात.

देसाई अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा तुंगभद्रेपलीकडे लढाईवर होता. त्याच्या बातमीसाठी तीन दिवस त्यांचा जीव घुटमळत राहिला, असे सांगतात. चौथ्या सकाळी बातम्या पोचवणारा नेमाजी जासूद धावत आला. खोटी बातमी कधी देणार नाही, अशी त्याने बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. मुलगा लढाईत पडला होता. नेमाजीने स्वतःच्या हाताने त्याच्यावर माती लोटली होती. पण म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि खरे बोलायला त्याची जीभच वळेना.

"धाकलं धनी खुशाल हाईत," तो म्हणाला. "मागनं येत्यात."

देसायांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, हसले, आणि गेले.

नेमाजीला अन्न गोड लागेना. मरणाऱ्या धन्याला आपण फसवले, हे शल्य त्याला पोखरू लागले. महिन्याने एका दुपारी तो समाधीपाशी आला, दगडाशी खरे ते सगळे बोलला, पोटभर रडला, आणि रडता रडता त्याचा डोळा लागला. करंजाची फुले त्याच्या अंगावर पडत होती, म्हणे. झोपेत देसाई शेजारी येऊन बसले.

"अरं, तू मोकळ्या हातानं उंबऱ्यात आलास तवाच समजलं. पोरगं खुशाल असतं तर त्यानं सोता चिठ्ठी लिवली असती."

"मग हसलासा का, धनी?"

"छाती फुटंस्तवर पळत आलावतास. तुझं मन मोडवंना."

आजही, गेलेल्या माणसाशी काही बोलायचे राहिले असेल तर लोक निरंब्याला येतात, दगडाशी बोलतात आणि घटकाभर डोळे मिटतात. सगळ्यांनाच उत्तर मिळते असे नाही, हे जंगम उघड सांगतात. उठणाऱ्याला ते तांब्याभर पाणी देतात. काय ऐकले ते विचारत नाहीत.

गोष्ट संपली की तेही दगडाला पाठ टेकतात. त्यांची बायको जाऊन सोळा वर्षे झाली. अजून एकदाही आली नाही, असे म्हणतात, आणि पागोटे डोळ्यांवर ओढून घेतात.