नदीपलीकडचं गिऱ्हाईक

मुलांनो, गोष्टीआधी थोडं रडगाणं ऐकावं लागेल. मोठ्या माणसांना त्याशिवाय गोष्ट सुचत नाही, तेवढं चालवून घ्या.

मी मिरजेत घरबसल्या तान्ह्या बाळांसाठी दुपटी शिवते आणि फोनवरून विकते. दूरदूरच्या नव्या आया ती मागवतात. दुपटं पोचलं की "कित्ती मऊ आहे हो!" असं लिहितात, लाल बदामांची रांग पाठवतात आणि मग ज्या गडप होतात त्या होतातच. निपाणीच्या हेमलता शिंत्रे हे माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. बाळ वाढतं, पाय दुपट्याबाहेर येतात, दुसरं लागतंच की. पण हेमलताबाईंचा पुन्हा शब्द नाही. परवा याच काळजीने माझा डोळ्याला डोळा लागला नाही. शिवण उसवली असेल? रंग गेला असेल? की माझ्याच बोलण्यात काही खोट आहे? मी तर रोज सकाळी सहाच्या ठोक्याला न चुकता सगळ्यांना 'शुभ सकाळ' आणि सवलतीचा निरोप धाडते. याहून जास्त माणसाने करायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाच वर्षांची लेक, वल्लरी, वरणभाताचा घास गालात धरून बसली होती. गोष्ट सुरू झाल्याशिवाय घास गिळायचा नाही, असा आमच्या घरी नियम आहे. नियम अर्थात तिचा. माझ्या डोक्यात दुकानच घोळत होतं, म्हणून मग गोष्टही दुकानाचीच निघाली. ती अशी.

नदीकाठच्या एका जंगलात, सावरीच्या उंच झाडाच्या ढोलीत, एक खार आपल्या पिलांना घेऊन राहत असे. सावरीची बोंडं उकलली की ती कापूस वेचायची, पिंजायची आणि त्याच्या गाद्या करायची. अलीकडच्या काठावर घरोघरी तिच्या गाद्या झाल्या. मग ती नदीपलीकडे विकू लागली. पलीकडच्यांना तिच्या झाडापाशी येता येत नव्हतं आणि तिला पोहता येत नव्हतं. त्यामुळे ना त्यांनी दुकान पाहिलेलं, ना तिने गिऱ्हाईक. मधे होती एक साळुंकी. ती चोचीत कापसाचा पुंजका घेऊन पलीकडे जायची आणि सांगायची, "हा गालाला लावून बघा. आवडला तर गादी पाठवते." आवडलं की खार गादी बांधायची आणि साळुंकी ती पलीकडे नेऊन टाकायची.

इथे वल्लरीने घास गिळून विचारलं, "एवढीशी साळुंकी एवढी मोठी गादी कशी उचलेल?"

मुलांनो, मी खरोखरच विचारात पडले. मग घाईघाईने गोष्टीत एक कासव आणलं. तर, गादीचं गाठोडं पाठीवर घेऊन कासव नदी पार करायचं, ते पलीकडच्या काठावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. गादीच्या बदल्यात पलीकडून बिया आणि सुकी फळं यायची. खारीची सगळी पावसाळ्याची बेगमी त्यावर. ढोलीतला कोठा भरला तर पिलं पावसाळाभर उबेत राहणार. नाही भरला तर त्यांना घेऊन डोंगराच्या उघड्या माळावर जायचं. खायला तिथे असतं, पण वर ससाणा घिरट्या घालत असतो.

पलीकडची पहिली गादी एका साळिंदराने घेतली. निरोप आला, "कापूस छान आहे." खार हरखली. पुढे मात्र त्याच्याकडून काही येईना. आणखी दोघाचौघांनी गाद्या घेतल्या, तेही तसेच गप्प झाले. कोठा अर्ध्यावर अडला आणि आभाळात ढग दिसायला लागले.

त्यातच एका कोल्ह्याने नदीच्या वाळूत दुकान थाटलं, पलीकडून दिसेल असं. समोर मोर नाचायला ठेवला. कवठाच्या तीन करवंट्या पालथ्या मांडल्या आणि ओरडला, "ओळखा, बोर कशाखाली? ओळखेल त्याला गादी निम्म्या बियांत!" पलीकडच्या काठावर ही गर्दी उसळली! कोल्ह्याच्या गाद्यांत कुसळं भरलेली होती, पण खेळाच्या नादात गादी बघतो कोण?

कोल्हा खारीला म्हणाला, "ताई, तू गादी विकत बसलीस. अगं, गंमत वीक, गंमत!"

खार घाबरली. घाबरलं की आपण दुसऱ्याचं बघून काहीतरी करतो, तसं तिने केलं. ती साळुंकीला म्हणाली, "उद्यापासून दिवस उगवला की प्रत्येकाच्या दारात जायचं आणि ओरडायचं."

"काय ओरडू?"

"'प्रिय गिऱ्हाईक, आजच घ्या! उद्या संपतील!'"

"पण गाद्या तर ढिगाने पडल्यात इथे."

"तू ओरड गं!"

साळुंकी ओरडली. रोज ओरडली. आधी साळिंदराच्या बिळापाशी, कारण तो पहिला. एके सकाळी ती परत आली ती धापा टाकत, शेपटीचं एक पीस कमी.

"काय झालं?" खारीने विचारलं.

"तुझ्या पहिल्या गिऱ्हाइकाने पिटाळलं. काही बोलला नाही. नुसते काटे उभे केले."

"काटे? कसले काटे?"

"पाठीवरचे."

"त्याच्या पाठीवर काटे असतात?"

"मग साळिंदराच्या पाठीवर काय मोरपिसं असतात?"

खार फांदीवर मटकन बसली. तिने जन्मात साळिंदर पाहिला नव्हता. तो राहणार पलीकडे, बाहेर पडणार अंधारात. तिने आपल्या पिलांना आवडेल तशी पातळ, मऊ गादी करून त्याला धाडली होती.

"म्हणजे ती गादी..."

"पहिल्या दिवशीच चिंध्या. बिळाच्या तोंडाशी कधीचा कापूस पसरलाय. मला वाटलं, त्याला तसंच आवडत असेल."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"तू मला 'ओरड' म्हणालीस, मी ओरडले. 'बघ' म्हणाली असतीस तर बघितलं असतं," साळुंकी फणकारली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि तो दिवसा झोपतो. मी जायचे तेव्हा रात्रभर हिंडून नुकता टेकलेला असायचा बिचारा."

त्या दिवसापासून ओरडणं बंद झालं. सांज झाल्यावर, साळिंदर जागा व्हायच्या वेळेला, खारीने साळुंकीला पाठवलं. "ही माझी निजायची वेळ," असं पुटपुटत साळुंकी गेली आणि बिळाबाहेर हळूच म्हणाली, "साळिंदरकाका, खार म्हणते, चुकलं तिचं. तिला विचारायचंय, तुम्ही झोपता कसे?"

बिळात आधी काटे सळसळले. मग आवाज आला, "पोटावर झोपतो. नाक पुढच्या पायांत खुपसून. पाठीची काही तक्रार नाही, तिचं ती बघते. पोटाला मात्र फार गार लागतं."

खारीने लव्हाळ्याची जाड चटई विणली. कडा राकट ठेवल्या आणि कापूस भरला तो फक्त मधोमध, पोट टेकतं तेवढ्या जागी. नाक खुपसायला एक चिमुकली उशी केली. गाठोडं कासवाच्या पाठीवर बांधून ती साळुंकीला म्हणाली, "या वेळी लगेच यायचं नाही. तो गाठोडं उघडेपर्यंत थांब. त्याचं तोंड बघ आणि मला येऊन सांग."

साळुंकी त्या रात्री पलीकडेच राहिली. सकाळ होईपर्यंत खार फांदीवरून हलली नाही. कोठा अर्धा, ढग खाली आलेले, आणि हीही गादी त्याला नको झाली तर डोंगराची वाट.

उजाडल्यावर साळुंकी आली. "सांगते, सांगते, बसू तर दे. आधी हुंगलं. मग बसला. उठला. फिरून पुन्हा बसला. मग नाक उशीत घातलं आणि..."

"आणि काय गं?"

"आणि त्याचे काटे हळूहळू मिटले. सगळे. रात्र म्हणजे त्याची हिंडायची वेळ, पण स्वारी गेलीच नाही कुठे. असा घोरला की माझाच डोळा लागला नाही."

खारीने शेपटीने डोळे पुसले.

थोड्या वेळाने कासव परतलं. त्याच्या पाठीवर बियांचं भलंमोठं गाठोडं होतं आणि वर एक लांब, गुळगुळीत, काळापांढरा काटा खोचलेला. कासव सावकाश म्हणालं, "आपोआप गळलेला आहे. काका म्हणाले, शिवायला होईल." खारीने त्याच्या जाड टोकाला भोक पाडलं. त्याचं झालं दाभण. त्यानंतरची प्रत्येक गादी त्या साळिंदराच्या काट्याने शिवलेली.

साळिंदराने मुंगसाला सांगितलं, मुंगसाने घोरपडीला. आता साळुंकी ज्याच्या त्याच्या जागं असायच्या वेळी जायची आणि एकच विचारायची, "तुम्ही झोपता कसे?" पलीकडच्यांना या प्रश्नाचीच गंमत वाटू लागली. आपण झोपतो कसे, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं! मुंगूस म्हणालं, "उताणं, पण कुणाला सांगू नका." वटवाघूळ म्हणालं, "उलटं टांगून." त्याला गादी काय देणार? खारीने पाय दुखू नयेत म्हणून फांदीला गुंडाळायला कापसाची मऊ चुंबळ दिली. पुढे चुंबळ चपटी झाली की ते आपणहून नवी मागायचं. सवलत विचारायचंही नाही.

इकडे करवंट्यांचा खेळ जुना झाला. मोर दमला. गर्दी आली होती ती खेळासाठी, खेळाबरोबरच गेली. एका संध्याकाळी कोल्हा सावरीखाली येऊन घुटमळला.

"ताई, ते तुम्ही सगळ्यांना विचारता ना... मी वेटोळं घालून झोपतो. शेपटी नाकावर."

"मग मधे खळगा ठेवायला हवा," खार म्हणाली.

"ठेवाल?" कोल्ह्याने विचारलं आणि उगाच दुसरीकडे बघितलं. "माझ्या गादीतली कुसळं फार टोचतात हो."

पाऊस आला तेव्हा कोठा काठोकाठ भरलेला होता. पिलं ढोलीत एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. नदीपलीकडे, न पाहिलेल्या एका बिळात, एक साळिंदर काटे मिटून झोपला होता. त्याला खारीने कधीच पाहिलं नाही. पण तो कुशीवर वळत नाही, हे तिला माहीत होतं.

गोष्ट संपली. ताट रिकामं झालं होतं. बोध सांगितल्याशिवाय बोधकथा पुरी होत नाही आणि शिकलेल्या आईला तर तेवढीच एक गोष्ट नीट येते. म्हणून मी घसा साफ केला आणि जरा ऐटीतच सांगितलं.

तात्पर्य : गर्दी गमतीने जमते, पण जो आपल्याला न पाहताही ओळखून घेतो, त्याच्याकडेच माणूस पुन्हा येतो.

वल्लरीने बोटं चाटली, माझ्या फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या दुपट्यांच्या बाळांच्या आया कधी झोपतात गं? सकाळी सहाला?"