इथून सगळं दिसतंय

कराडच्या पेठेत इंदुताई खटावकरांचं झेरॉक्सचं दुकान होतं. खंडेनवमीची पूजा आटोपून त्या एकट्याच बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"मी सुरक्षा अधिकारी बोलतोय," पलीकडचा दरडावला. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता व्हायरस शिरतोय, मला इथून सगळं दिसतंय! आमचं अँटिव्हायरस घ्या, नाहीतर धंदा बसलाच म्हणून समजा."

इंदुताईंनी झेंडू वाहिलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो फक्त यजमानच चालवायचे. ते वारल्यापासून त्याची वायरही कुणी लावली नव्हती.

"साहेब, तो चालू दिसतोय म्हणजे समोर हे बसलेले असणार. जरा नीट बघून सांगा, जेवले का ते?"

पलीकडून फोन आपटला. इंदुताईंनी मात्र रिसीव्हर कानालाच धरून ठेवला. न जाणो, उत्तर आलं तर!