झाडाच्या उवा

काळ्या तोंडाच्या, सिंहासारख्या शेपटीच्या वानराची ‘कू’ अशी हाक मी फार वर्षांमागे ऐकली होती. आता ती जात विरळ झाली. तिचीच ही गोष्ट.

विहारात पिंगल नावाचा तरुण भिक्खू, हलकी कामे करणाऱ्या म्हाताऱ्या तिंबरूला सगळ्यांदेखत हिणवून बोलला. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे विहारातल्या साऱ्यांच्या गुरूंनी, आपल्या पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली:

पूर्वी शालवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानातल्या एका जुन्या फणसाच्या बुंध्यावरील अळंबीत देवता होऊन राहत असे. त्याच फणसावर अशा काळ्या तोंडाच्या वानरांचा त्या रानातला शेवटचा कळप होता. दिवसभर एकमेकांच्या उवा काढणे हा त्यांचा कुळाचार. एकदा वानरराजाला वाटले, ही अळंबी म्हणजे झाडाच्या उवाच!

“फणसबाबाला खाजत असणार रे!” म्हणत साऱ्या कळपाने अळंबी खरवडून बुंधा लख्ख केला.

“अहो, मी ऊ नाही,” बोधिसत्त्व लाकडाच्या आतून म्हणाला. “कुजलेले तेवढेच खातो.”

“गप रे, कुजकट! आम्ही जगात मोजके उरलोय. तू काय, दर ओंडक्यावर!”

पुढे राजवाड्याच्या खांबासाठी सुतार आला. लख्ख बुंधा पाहून त्याने गेरूची खूण केली आणि ‘पाऊस उघडला की तोडू’ असे माणसांना सांगून गेला.

कळपाचे पोट भरेल असे दुसरे झाड त्या रानात नव्हते.

“काढा अजून उवा!” वानरराणी नवऱ्यावर कडाडली.

वानरराज बुंध्याशी बसला. “अळंबीदादा, जरा वर येता का?”

“झाड पडले तर तुमचे घर जाईल. माझी मात्र कित्येक वर्षांच्या जेवणाची सोय होईल,” बोधिसत्त्व म्हणाला.

वानरराजाने मान खाली घातली.

“पण तुमची लेकरं कुठे जातील?” असे म्हणून बोधिसत्त्वाने सारे बळ एकवटले. पावसात बुंधाभर अळंबी फुटली. ती दिसताच वानरराजाचे हात शिवशिवले. राणीने चापट मारली, तेव्हा ते आवरले.

सुतार आला. अळंबी पाहून त्याने कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर ठोकली. आत सारे पोकळ. “हा तर भोपळा!” म्हणत तो खूण पुसून परत गेला.

शास्ते म्हणाले, “तो वानरराज म्हणजे पिंगल. चापट मारणारी राणी म्हणजे हा तिंबरू. अळंबीतली देवता मीच होतो. अपमान गिळून दुसऱ्याचे घर राखणे, यालाच क्षमा म्हणतात.”

पिंगल उठला. तिंबरूच्या पायांना हात लावून निघून गेला.