टिकलीखालचा दिवा

गाड्या पेट्रोल पीत होत्या त्या काळी निनाद सबनीस नावाच्या संगणक अभियंत्याकडे एक जुनी गाडी होती. एका सोमवारी तिच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. ऑफिसला उशीर होत होता. निनादने आरशावर बायकोने चिकटवलेली काळी टिकली काढली आणि त्या दिव्यावर लावून टाकली.

"हे काय वागणं झालं?" दिवा शेजारच्या सीटवरच्या लॅपटॉपला म्हणाला.

"मनाला लावून घेऊ नकोस," लॅपटॉप म्हणाला. "हा स्वतः मॅनेजरला रोज सांगतो की सर्व्हर बंद पडणार आहे. मॅनेजर म्हणतो, कटकट नको. तेव्हा हा केवढा चिडतो!"

"मग याला माझं कळेल," असं म्हणून दिवा टिकलीखाली तसाच जळत राहिला.

शुक्रवारी भर उड्डाणपुलावर इंजिन खडखडलं आणि गाडी थांबली. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. "सर्व्हर बंद पडलाय! तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"रोज सांगत होतो, सर!" निनाद कळवळून म्हणाला.

फोन ठेवून त्याने स्टिअरिंगवर बुक्की मारली. "अगं बाई, तू तरी आधी सांगायचंस!"

टिकलीच्या कडेने लाल उजेड येतच होता.