मुंगीच्या दारात दगड

होती एक मुंगी. तिळाएवढी.
रंगाकाकांच्या अंगणात मातीत तिचं घर. घराला दार एक, तेही मुगाएवढं.

मुंगी गेली दाणा शोधायला. दाणा घेऊन परत आली, तर दार कुठाय? दारावर दगड. हा एवढा मोठा.
आत तिची बाळं. पांढरी पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. भुकेली.

झालं होतं काय, रंगाकाकांची गाडी ब्रेक दाबला की ओरडायची. खर्रर्र, खर्रर्र. थांबायचं नाव नाही. काका म्हणाले, "मीच करतो दुरुस्त. घरीच." आजवर कधी केलं नव्हतं, बरं का.
अंगण उताराचं. गाडी घरंगळू नये म्हणून काकांनी मागच्या चाकामागं दगड लावला. नेमका मुंगीच्या दारात.
मग जॅक लावला, कट कट कट. पुढचं चाक काढलं. आणि बसले डोकं खाजवत.

मुंगी म्हणाली, "दगडा दगडा, दारातून हल.
बाळं माझी आत, मी बाहेर."
दगड म्हणाला, "हललो तर गाडी घरंगळेल. गाडी राहिली उभी, तर मी हलेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"गाडीबाई गाडीबाई, उभी राहा.
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
गाडी म्हणाली, "उतारावर कशी राहू? ब्रेकनं धरलं चाक, तर मी राहीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"ब्रेकदादा ब्रेकदादा, चाक धर.
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
ब्रेक म्हणाला, "कशानं धरू? माझे तळवे गेले झिजून. त्या तळव्यांनाच म्हणतात पॅड. नवा पॅड बसला जागी, तर मी धरीन."

नवा पॅड कागदावर पडला होता. कोरा करकरीत.
मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पॅडा पॅडा, जागी बस.
ब्रेक धरेना चाक,
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
पॅड म्हणाला, "बसू कुठं? तो दट्ट्या बघ, पुढं येऊन बसलाय. दट्ट्या सरला मागं, तर मी बसेन."

दट्ट्या राहतो ब्रेकच्या पोटात. जाडा, गोल, हट्टी.
मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"दट्ट्या दट्ट्या, मागं सर.
पॅड बसेना जागी,
ब्रेक धरेना चाक,
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
दट्ट्या म्हणाला, "काका मघापासून ढकलतायत मला. पण माझ्या पाठीमागं तेल, त्याला जायला वाट नाही. तेलाच्या डबीचं टोपण झालं ढिलं, तर मी सरेन."

डबी कुठं? गाडीच्या नाकावर, उघड्या बॉनेटखाली, पार वर. मुंगी चढली. घसरली. परत चढली.
"टोपणा टोपणा, ढिलं हो.
दट्ट्या सरेना मागं,
पॅड बसेना जागी,
ब्रेक धरेना चाक,
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
टोपण म्हणालं, "मला तर आवळून आवळून जीव नकोसा झालाय. काका उजवीकडंच फिरवतात. काकांनी फिरवलं उलटं, तर मी होईन."

मुंगी चढली काकांच्या बोटावर.
"काका काका, उलटं फिरवा.
टोपण होईना ढिलं,
दट्ट्या सरेना मागं,
पॅड बसेना जागी,
ब्रेक धरेना चाक,
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."
काका म्हणाले, "उलटं? छे छे. प्रदक्षिणा उजवीकडून, आरती उजवीकडून. चांगल्या कामात उलटं फिरवू नये. काकू म्हणाली, तरच मी फिरवीन."

आता तुरुतुरु नाही. आता हळू हळू. एक पाय, मग दुसरा पाय.
शेवंताकाकू पायरीवर शेंगा सोलत होती.
"काकू काकू, काकांना सांग.
काका फिरवीनात उलटं,
टोपण होईना ढिलं,
दट्ट्या सरेना मागं,
पॅड बसेना जागी,
ब्रेक धरेना चाक,
गाडी राहीना उभी,
दगड हलेना दारातून,
बाळं माझी आत, मी बाहेर."

काकूनं शेंगा खाली ठेवल्या.
"बाळं आत? आणि उपाशी?"
तिनं 'तर' नाही म्हटलं. 'तरच' नाही म्हटलं. उठली नि गेली.
"अहो, मी बरणीचं झाकण उघडते, ते काय प्रदक्षिणा घालून?"
काका म्हणाले, "नाही बुवा. डावीकडं फिरवून."
"मग हे पण तसंच की. फिरवा. कुणाची लेकरं कोंडलीयत."

काकांनी फिरवलं उलटं. टक.
टोपण झालं ढिलं. काकांनी ढकललं, तेल चढलं वर, बुडुक.
दट्ट्या सरला मागं.
पॅड बसला जागी.
काकांनी टोपण लावलं, आता मात्र उजवीकडं. चाक चढवलं. जॅक उतरवला. गाडीत बसले, ब्रेक दाबला.
फुस्स. पाय गेला खाली.
मुंगी धावली दगडाकडं.
काकू म्हणाली, "परत दाबा."
फुस्स.
"दाबा हो, दाबत राहा. मागं सरलेला दट्ट्या पुढं यायला हवा ना."
फुस. फुस. फु... घट्ट.
ब्रेकनं धरलं चाक. काकांनी गाडी जराशी पुढं घेतली. दाबला ब्रेक. खर्रर्र नाही, काही नाही.
गाडी राहिली उभी.
काकूनं दगड हलवला. हळूच, माती न पाडता.

मुगाएवढं दार उघडलं. मुंगी दाणा घेऊन शिरली आत.
बाळांनी आईला हुंगलं. मग सगळी एकदमच बोलायला लागली. मुंगी म्हणाली, "एकेकानं बोला रे. मी कुठं जात नाही आता."

मुंगी गेली घरात, गोष्ट आली कुशीत.