मेजरला काय हाक मारायची?

“मग शिपायांनी तिला म्हणायचं तरी काय? सर की मॅडम?”

केतकी भोईरने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाज जरा चढवून.

समोर पायरीवर बसलेल्या मेजर उज्ज्वला जगदाळे शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, तिचा दोरा ओढून काढला आणि पुढची उचलली.

मेजरना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सैन्यात असताना त्या रसदीच्या गाड्यांचे तांडे बर्फाळ घाटातून वर चढवून न्यायच्या. आता साताऱ्याकडच्या एका टेकडीच्या पायथ्याशी, गावापासून सुट्या पडलेल्या घरात एकट्या राहत. बाई बोलतात कमी, असं गावात म्हणत. पण बोलल्या की ऐकणारा घरी जाऊन दोन घास कमी जेवतो, असंही म्हणत.

केतकी पुण्याहून आली होती. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीची मालकीण. बाई हुशार होती, आणि ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

तिच्या नव्या गेमची नायिका सैन्यातली मेजर होती. बर्फातलं ठाणं, हाताखाली शिपाई. खेळणाऱ्याने मेजर व्हायचं आणि बटणं दाबून हुकूम सोडायचे. जाहिरातीत या शिपायांनी तिला कडक सलाम ठोकला होता आणि एकसुरात म्हटलं होतं, “जी, मेमसाहब!”

तिथंच हसं झालं.

“मेमसाहब साहेबाच्या बायकोला म्हणतात हो,” एका माजी हवालदाराने जाहिरातीखाली लिहिलं. “तुमची मेजर लढायला आलीय का हळदीकुंकवाला?”

झालं. लोकांना आयतंच खाद्य मिळालं. ती जाहिरात केतकीला काढून टाकावी लागली. आता उद्या सकाळी शिपायांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित व्हायचे होते, आणि काय म्हणायचं ते अजून ठरत नव्हतं.

“सर म्हटलं तर ती बाई आहे हेच पुसलं जातं,” केतकी म्हणाली. “मॅडम म्हटलं तर शाळेतली बाई वाटते. बाहेरच्या गेममध्ये कुठे सर म्हणतात, कुठे नुसतं कमांडर. माझ्या ऑफिसातली पोरं दोन गट करून भांडतायत. तुम्ही स्वतः तिथे होतात. तुम्ही म्हणाल ते प्रमाण.”

“सर लिही.”

“का पण?”

“मग मॅडम लिही.”

केतकीचा चेहरा उतरला, मग तापला.

“मॅडम, मी पुण्याहून एवढ्यासाठी आलेय.”

“तेच विचारते. एवढ्यासाठीच आलीस?”

...

शेंगांची सालं खाली पडत राहिली. गप्प बसणं हा काही केतकीचा प्रांत नव्हता.

“तुम्हाला शिपाई काय म्हणायचे?”

“पहिलं वर्षभर? काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“गाडी तयार आहे. रस्ता बंद आहे. चहा आणलाय.” मेजर सांगत होत्या. “बोलणं सगळं पुरं असायचं गं. कुणाशी बोलतोय, तेवढं नसायचं. सर म्हणायला जीभ वळंना, मॅडम म्हणायला लाज. मग पोरांनी मधला मार्ग काढला. माझ्या खांद्यावरच्या फितीकडं बघून बोलायची.”

“मग तुम्ही शिस्त लावली असेल.”

“लावली की. एका सकाळी सगळ्यांना उभं केलं आणि बजावलं, मॅडम म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून बोलायच्या आधी मॅडम, बोलून झाल्यावर मॅडम. चहासुद्धा वेगळ्या कपात यायला लागला. बशीसकट, ट्रेवर रुमाल टाकून.” त्यांनी आणखी एक शेंग मोडली. “तांडा थांबला की पोरं गाडीच्या बोनेटभोवती आपापले मग घेऊन उभी राहायची. हसायची. माझा कप माझ्या गाडीत यायचा.”

“आदर म्हणून.”

“आदर म्हणूनच तर. तक्रार करायची कुणाकडं?”

केतकीने मान खाली घातली. तिला आपल्या ऑफिसातली दुपार आठवली. काचेच्या केबिनमध्ये ती एकटी डबा उघडायची. बाहेर मोठ्या टेबलावर पोरांचे डबे एकमेकांत फिरत, कुणाच्या तरी आईची वांग्याची भाजी हा हा म्हणता संपायची. ती पाणी प्यायला बाहेर आली की टेबल गप्प व्हायचं. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. तरी तिला ते लागायचं, रोज लागायचं.

आणि इरफान...

इरफान मुल्ला गेममधली चित्रं करायचा. कंपनी म्हणजे भाड्याची एक खोली आणि दोन जुने संगणक होते, तेव्हापासूनचा. तेव्हा तो तिला ‘केतके’ म्हणायचा. “केतके, उठ, चहा मारून येऊ.” मेमसाहब चुकीचं आहे, हे सगळ्यांच्या आधी त्यानेच सांगितलं होतं. त्याचे मामा फौजेत होते. भरल्या बैठकीत केतकी त्याला म्हणाली होती, “तुझं काम चित्रांचं आहे. चित्रं काढ.”

त्याने मुकाट्याने चित्रं काढली. त्या दिवसापासून तो तिला मॅम म्हणायला लागला. हा गेम संपला की नोकरी सोडतोय, असं त्याने गेल्या आठवड्यात कळवलं होतं. तेही मेल करून. त्याचं टेबल तिच्या केबिनपासून हाकेच्या अंतरावर होतं.

यातलं केतकीने मेजरना काहीच सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, “मग बदललं कधी?”

“कप फुटला तेव्हा.”

“कप?”

“घाटात गाडीला गचका बसला, कपबशी खाली. बाहेर हे बर्फ. पेरुमाळ म्हणून ड्रायव्हर होता, मदुराईकडचा. हिंदी तोडकीमोडकी. तो त्या तुकड्यांकडं बघत राहिला. मग स्वतःचा मग पुढं केला. अर्धा प्यालेला.” मेजरनी हातातली शेंग पुढे धरून दाखवली. “म्हणाला, ‘गरम है.’”

“सर नाही?”

“नाही.”

“मॅडमसुद्धा नाही?”

“नाही.”

केतकी चक्रावली. “पण पहिल्या वर्षीही ते काहीच म्हणत नव्हते. तेव्हाही काही नाही, आताही काही नाही. मग फरक काय पडला?”

मेजरनी सोललेल्या शेंगा पातेल्यात टाकल्या, हात पदराला पुसले.

“तुझा खेळ दाखव बघू.”

केतकीने लॅपटॉप उघडून पायरीवर ठेवला. पडद्यावर बर्फ पडत होतं. ठाण्याच्या मधोमध मेजर उभी होती, भोवताली शिपाई. काम बाकी चोख होतं. शिपायांच्या तोंडून वाफ निघत होती, एकाच्या हातमोज्याला ठिगळसुद्धा होतं. ते इरफानचं काम.

“आता बघा,” केतकी म्हणाली. तिचं बोट बटणाकडे गेलं. “हे दाबलं की...”

मेजरनी तिचं मनगट धरलं.

“दाबू नकोस.”

“मग काहीच होणार नाही.”

“बघू की.”

दोघी बघत बसल्या. बर्फ पडत होतं. शिपाई श्वास घेत होते. एकाने खांद्यावरची बंदूक सारखी केली, एकाने पाय बदलला. शिपाई एकमेकांकडे वळत, मान हलवत, पुन्हा सरळ होत. मधल्या बाईकडे कुणी बघत नव्हतं. तिच्या टोपीवर बर्फ साचत होतं.

केतकीने हा खेळ हजार वेळा पाहिला असेल. पण बटण न दाबता ती कधी बसलीच नव्हती.

“अशीच थांबली तर कुणी बोलंल का तिच्याशी?” मेजरनी विचारलं.

“नाही.”

“संध्याकाळपर्यंत थांबली तर?”

“नाही बोलणार, मॅडम. तसं लिहिलेलंच नाही. हुकूम दिला तर उत्तर देतात.”

“कुणी लिहिलं?”

“...मी.”

मेजरनी तिचं मनगट सोडलं.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” त्या म्हणाल्या. चिडून नाही, वाईटही वाटून नाही. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तसं.

केतकीला ते झोंबलं. पडद्यावरची ती बाई अजून तशीच उभी होती. केतकीला तिच्याकडे बघवेना. तिने लॅपटॉप मिटला आणि फोन काढला.

“कुणाला करतेस?”

“इरफानला. आमच्याकडे आहे. म्हणजे... अजून आहे.”

फोन वाजत राहिला. मग पलीकडून आवाज आला. शांत, नीट घडी घातलेला.

“हॅलो, मॅम. काय फायनल झालं? सर की मॅडम?”

“इरफान...” केतकी अडखळली. “जेवलास का?”

फोन कटला की काय, म्हणून तिने पडदा बघितला. कटला नव्हता.

“हो, मॅम.”

...

“काही काम होतं का?”

“नाही,” केतकी म्हणाली. “काम नव्हतं.”

“ओके, मॅम.”

मग तो थोडा वेळ तसाच थांबला. तीही थांबली. शेवटी त्याने फोन ठेवला.

केतकीला रडू आलं. ऑफिसात ती कधी रडली नव्हती, घरीही फारशी नाही. इथे तिने ते लपवलं नाही. मेजरनी तिला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्याजवळ ठेवलं.

ऊन कलायला लागलं होतं. गावाकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“तुमच्याकडे कोण येतं?” पाणी पिऊन केतकीने विचारलं.

“येतात की. सव्वीस जानेवारीला झेंड्याला न्यायला येतात. पोरं भरतीला निघाली की फॉर्म कसा भरायचा ते विचारायला येतात.” मेजर हसल्या. “मान आहे गावात. बसायला खुर्ची देतात, हार घालतात.”

“आणि एरवी?”

मेजरनी पातेलं उचललं.

केतकीने लॅपटॉप पिशवीत घातला. चपला पायात सरकवताना तिला आठवलं.

“ते राहिलंच, मॅडम. उद्या मी शिपायांना काय म्हणायला लावू?”

पातेलं कडेवर घेऊन मेजर तिच्यासोबत फाटकापर्यंत आल्या. फाटक गंजलं होतं, उघडताना करकरलं. केतकी बाहेर पडली आणि उत्तरासाठी वळून उभी राहिली.

मेजरनी तिच्याकडे नीट पाहिलं. पुन्हा भेट होईल न होईल, अशा माणसाकडे बघावं तसं.

“परत येशील ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा काही काम काढून येऊ नकोस.”